चर बुजवताना

नकाशात चर नव्हते.
सरकारी नकाशात आमचा डोंगर म्हणजे हिरवा डाग,
त्यावर डोंगराचं नाव, तेही एका अक्षराने चुकलेलं.
ग्वेनलियन म्हणाली, इद्वलला विचारू.
सगळे गप्प झालो.
चर इद्वलनेच तर पाडले होते.

तेव्हा तो विशीत होता. दर यार्डामागे पैसे मिळायचे,
आणि वर शाबासकी.
ओली जमीन म्हणजे आळशी जमीन,
असं म्हणायचे कचेरीतले लोक त्या काळी वेल्समध्ये.
ओल्या केसांत भांग पाडावा तसे त्याने
कड्यापासून ओढ्यापर्यंत चर ओढले, सरळ, एकामागून एक,
आणि त्या वर्षीच्या जत्रेत
सर्वांत सरळ चराचा चांदीचा पेला घेऊन घरी आला.
पेला अजून आहे. त्यात तो बटणं ठेवतो.

त्याआधी पाणी शेवाळात बसून राहायचं आठवडा आठवडा,
पेन्शन घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यासारखं.
चर पडले आणि ते पळायला शिकलं.
रात्री वर पाऊस, पहाटे खाली गावात पूर:
चॅपेलच्या पायऱ्या, मेरेरिदची बेकरी, शाळेतला पियानो.
पियानो दोनदा.
कुठेतरी पाणी मुरतंय असा संशय घ्यावा
इतकंही पाणी त्या डोंगरात मुरत नव्हतं.

शनिवारी तो आला. शहाऐंशी वर्षं, दोन काठ्या,
खिशात उकडलेलं अंडं.
मागून आम्ही: शॉन प्लंबर, ज्याचं तळघर तीनदा बुडालं,
सातवीची पोरं, हेदरच्या पेंढ्या पाठीवर घेऊन,
मी, थर्मास घेऊन.
तिदिर फाटकाशी उभा.
माझ्या मेंढ्या रुततील, म्हणाला,
माझ्या हद्दीतल्या अकरा चरांना हात लावायचा नाही.
नाही लावला.

इद्वल चालायचा, थांबायचा,
गवतात काठी खुपसायचा. काठी गुडघ्याएवढी आत.
"इथे."
आम्ही पेंढी दाबायचो, तिच्यावर लोण्यासारखी काळी माती,
मातीवर शेवाळाचं झाकण.
पोरं त्यावर नाचायची.
"इथे. आता बावीस पावलं."
बाविसाव्या पावलाला काठी खडकावर वाजली
आणि तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.

चुकलं, असं काही तो म्हणाला नाही.
आम्हीही वाट पाहत नव्हतो. थोडी पाहत होतो.
मग तो म्हणाला,
"हा खडक मला फुटला नाही.
इथे मी चर डावीकडे वळवला, हातभर.
परीक्षक खालून बघत होते, त्यांना दिसलं नाही.
बायकोलाही सांगितलं नव्हतं."
आणि स्वतःच्या बुटाने
त्या वळणावरची माती दाबली, टाच फिरवून,
विडी विझवावी तशी.
थोड्या वेळाने वरच्या अंगाला पाणी साचलं,
वीतभर, चहाच्या रंगाचं.
त्यात पोरांना आपापली तोंडं दिसली.

चारशेसहा चर बुजवले दोन हिवाळ्यांत.

फेब्रुवारीत पूर आलाच.
पण पावणेदोन तास उशिरा आला.
पावणेदोन तासांत मेरेरिदने पिठाची पोती माडीवर नेली,
कोणीतरी आजारी श्रीमती प्राइसना खुर्चीसकट उचललं,
आणि सहा जणांनी पियानो विटांवर चढवला.
सहावा तिदिर होता. जड बाजू त्याच्याकडे.
अकरा चरांचं नाव कोणी काढलं नाही,
त्यानेही नाही.

रात्री अडीचला फोन वाजला.
इद्वल. इकडचं तिकडचं काही नाही.
"वळणावरचा टिकला का?"
उजाडू दे, म्हटलं, वर जाऊन बघून सांगते.
त्याने फोन ठेवला नाही.
दोघंही ऐकत राहिलो,
त्याच्या खिडकीबाहेरचं पाणी आणि माझ्या.